इंजिन चालू आहे तोवर

उभी

गोठ्यात म्हैस उभी होती आणि म्हशीच्या शेजारी मोटार. देवचंद म्हशीशी बोलत होता. ऐकवत मात्र होता मोटारीखाली पडलेल्या आपल्या वहिनीला. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

"माणसानं कसं तुह्यावाणी राहा बाई. चारा खाल्ला, दूध देल्लं. नाईतर काई काई जनावरं. बसल्या जागी तेल पेतेत अन् धूर बी नाई काढत."

मोटारीखालून उत्तर आलं.

"तुमी म्हशीची शिकवणी लावली का, भाऊजी? बरं केलं. थोडी अक्कल येईन."

हे पाय धुरपताबाईचे. बोडीटोल्याच्या मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची, ती विधवा. देवचंद तिचा धाकटा दीर. आणि मोटार दोघांची.

दोघांची म्हणजे कशी, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

रिव्हर्स

मोटार विलायती होती. उमराव मालगुजारानं ती छत्तीसगडातल्या कुण्या राजाकडून घेतली होती. लांब नाक, परातीएवढे दिवे, आत लाल चामड्याच्या गाद्या. मागच्या खिडक्यांना हिरवे रेशमी पडदे. पडदे उमरावजींनी लावून घेतले, कारण मागे मालगुजारीणबाई बसणार होत्या.

त्या पडद्यांमागे बसून धुरपताबाई वर्षानुवर्षं गोंदियाला गेली आणि आली. रस्ता तिनं कधी पाहिला नाही. रस्ता तिला हाडांनी माहीत होता. इथं कंबर उडाली म्हणजे दवनीवाडा. इथं डोकं छताला लागलं म्हणजे नाला. पुढच्या सीटमागेही पडदा होता, त्याला एक फट होती, आणि तिच्यातून ड्रायव्हर खुशालचं कोपर दिसे. कोपर पुढे गेलं की गाडी गुरगुरे, मागे आलं की मोकळी पळे. रस्ता दिसत नव्हता म्हणून ती कोपर पाहत राहिली.

मग उमरावजी गेले. त्यांच्या मागोमाग सरकारी कायद्यानं मालगुजारी गेली. खुशाल गोंदियाला बिडीवाल्याच्या लॉरीवर लागला. राहिली वाटणी.

शेतं वाटली. मोहाची झाडं वाटली. हंडे, गुंड, सागाचे पलंग, सारं वाटलं. मोटार वाटता येईना. विकून पैसे घ्यावेत असं देवचंद म्हणे. मोटार मला हवी, वाटल्यास नाल्याकडचं शेत घ्या, असं धुरपताबाई म्हणे. शेत नको आणि मोटारही नको, पण वहिनीला मिळू नये, एवढंच देवचंदला हवं होतं. शेवटी दोघं मनिरामकडे गेले.

मनिराम हा गावाच्या तलावाच्या पाण्याच्या पाळ्या पाहणारा माणूस. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे तो ठरवी. हा तलाव उमरावजींच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याच्या पाण्याचे कायदे सरकारी कायद्यापेक्षा जुने. मनिरामला दुसरं काही ठाऊक नव्हतं. न्याय म्हणजे पाळी.

"मोटार पाण्यावाणी वाटा," तो म्हणाला. "एक हप्ता बाईचा, एक हप्ता देवचंदचा. शनवारी सूर्य निघाला का पाळी बदलली. आपल्या पाळीत ज्याले जे करा लागते ते करा. दुसऱ्यानं बोलू नाई."

सगळ्यांना हे इतकं बरोबर वाटलं की कुणी हसलं नाही.

पहिला गिअर

देवचंदच्या पाळीत मोटारीत कोंबड्या बसत. टपावर मिरच्या वाळत. बंपरला गोऱ्हा बांधलेला असे. भोंग्याच्या तोंडात एकदा शेण सापडलं. ते गोऱ्ह्यानं भरलं, असं देवचंदचं म्हणणं होतं.

धुरपताबाईच्या पाळीत कोंबड्या बाहेर जात, गाद्यांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लागे, आणि बैलबंड्या बनवणारा चैतराम आपली हत्यारं घेऊन येई. चैतरामनं आयुष्यात मोटार उघडली नव्हती. पण चाक ते चाक, या विश्वासावर तो उभा होता. आतलं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं, ते काढून त्यानं बिजाच्या झाडाचं घातलं. रबरी टायरात हवा राहत नव्हती, म्हणून त्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरली, जशी धानाच्या कोठाराच्या बुडाशी भरतात. आसाला बंडीचं वंगण. पेट्रोलच्या भांड्यात एक बुचाचं लाकूड तरंगत असतं, ते कुजून गेलं होतं. चैतरामनं दवाखान्यातून बाटलीची मोठी बुचं आणली, एकावर एक चिकटवली आणि वरून गोंदियाच्या कारखान्यातली लाख चोपडली.

"हे बरोबर आहे का?" धुरपताबाईनं विचारलं.

"मले का मालूम! पण तरंगून राहिलं."

मधेच एका शनिवारी सूर्य निघता निघता मागच्या गादीवर अंडं सापडलं. कोंबडी देवचंदची. गादी त्या क्षणी कुणाच्या पाळीतली? मनिरामला बोलावलं. तो अंडं हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

"गरम आहे," तो म्हणाला. "म्हंजे आताचं. म्हंजे बाईचं."

देवचंद म्हणाला, "कोंबडीले इचारा ना मंग, तिनं कोनासाठी घातलं."

अंडं धुरपताबाईनं त्याच्याच घरी पाठवून दिलं, उकडून. त्याचा त्याला जास्त राग आला.

पुन्हा पहिला गिअर

आणि एका दुपारी, धुरपताबाईच्या पाळीत, चैतरामनं हँडल फिरवलं आणि मोटार शिंकली.

मग खोकली.

मग सारा गोठा भरून ती बोलू लागली. म्हैस दावं तोडून पळाली. गाव धावलं. धुरपताबाई पदर खोचून पुढच्या सीटवर चढली. खुशालचं कोपर तिला तोंडपाठ होतं. तिनं दांडा तसाच पुढे ढकलला.

पण पडद्याच्या फटीतून कोपर दिसायचं. पाय दिसायचे नाहीत. खुशाल खाली पायानंही काही करत होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोटार गोठ्यातून बाहेर आली. दारातून नाही. कुडातून.

"पायानं बी दाबा लागते वाटते काई," अंगावरची माती झटकत ती म्हणाली. तिचं हसू मावत नव्हतं. पुढच्या काचेतून तिला अंगण दिसत होतं, अंगणापलीकडे चिंच, चिंचेपलीकडे गाडीवाट. मोटारीत बसून पुढचं दिसतं, हे तिला नवं होतं.

तेव्हाच तिनं चैतरामला सांगितलं. "मले एक डाव गोंदियाले जा लागते. पुढं बसून. रस्ता पाहत."

देवचंद कुडाच्या भोकातून पाहत होता. आजवर जे भंगार होतं ते चालू झालं होतं. चालू वस्तूला गिऱ्हाईक असतं.

दुसरा गिअर (हा काही केल्या पडत नाही)

गिऱ्हाईक गोंदियाहून आलं. चुन्नीलाल सेठ. त्याला धानगिरणी काढायची होती आणि तिला इंजिन हवं होतं.

"गाडी का क्या करेंगे, देवचंदजी? गाडी तो डब्बा है. इंजन निकालेंगे, पट्टा चढ़ाएंगे, चावल कूटेंगे. बाकी आपकी मुर्गियों को मुबारक."

धुरपताबाई मनिरामकडे गेली.

"तो माह्या मोटारीचं काळीज काढून धान कांडून राहिला, मनिरामभाऊ."

"पाळी त्याची असन तर त्याले अधिकार आहे, बाई. आपल्या पाळीचं पाणी मानूस दुसऱ्याले देऊ शकते. तलावात असंच आहे."

"अन् माह्या पाळीत?"

"तुमच्या पाळीत तुमी राणी."

चुन्नीलाल शनिवारी सकाळी येणार होता. शुक्रवारी ती एक शब्द बोलली नाही. देवचंदला वाटलं, वहिनी खचली. त्यानं बायकोला सांगून तिच्याकडे वाटीभर भाजीही पाठवली.

तिसरा गिअर

शनिवारी सूर्य निघाला. देवचंद, चुन्नीलाल, ओढायला बैलांच्या जोड्या आणि पाहायला गाव, असा सगळा मेळा अंगणात शिरला.

मोटार चालू होती.

घरघर करत, जागच्या जागी थरथरत. आणि धुरपताबाई स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेली.

"उतरा, वयनी. सूर्य निघाला."

"दिसून राहिला मले. पुढं बसलं का सारं दिसते." तिनं मान वळवली. "मनिरामभाऊ, एक सांगा. माही पाळी चालू आहे, बांधी अर्धी भरली, अन् सूर्य निघाला. पाणी तोडता का तुमी?"

मनिरामनं डोक्यावरचा दुपट्टा काढला. पुन्हा बांधला. हा प्रश्न त्याला मोटारीबद्दल कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अर्ध्या बांधीचं पाणी तोडत नाई," तो शेवटी म्हणाला. "बांधी भरेपर्यंत पाळी राहते. धान मरते नाईतर."

"मंग हे इंजन माह्या पाळीत चालू झालं. अजून चालूच आहे."

"बांधी कोठी आहे इथं?" देवचंद ओरडला.

"अंडं कोठी होतं तलावात?" मनिराम म्हणाला. "तवा तर तूच मले बोलावलं."

चुन्नीलाल कपाळावर हात मारून घेत होता. "अरे, ये कौन सा कानून है भाई?"

"तलावाचा," दहाजण एकदम म्हणाले.

"ठीक आहे," देवचंद म्हणाला. "पेट्रोल सरन ना कधी तरी? बंद पडन तवा माही पाळी. मी बसतो इथंच." आणि तो मोटारीच्या पायदानावर बसला.

पण मोटार उभ्या उभ्या तापू लागली. नाकावरच्या टोपणातून वाफ निघाली. चैतरामनं हात लावला आणि ओढून घेतला.

"बाई, वारा पाह्यजे इले. चालवा, नाईतर फुटन."

"चालवतो ना," धुरपताबाई म्हणाली.

"पळून जाईन ते!" देवचंद उठला. "सेट, बसा. मनिराम, तू बी बस. बंद पडली का तिथंच सांगा लागन तुले."

चुन्नीलाल पुढे बसला, इंजिनाजवळ. मनिराम मागे चढला. देवचंद मात्र पायदानावरच उभा राहिला, दाराला धरून.

"आत ये ना बे," मनिराम म्हणाला.

"मी इथंच राहतो."

"काऊन?"

देवचंदनं खाली पाहिलं. पाय आपोआप तिथं गेले होते. भाऊ जिवंत होता तोवर त्याची जागा तीच होती. "धुतल्याशिवाय पाय आत नोको," भाऊ म्हणायचा, आणि मग पाय धुऊन आला तरी आत घ्यायचा नाही. लग्नाच्या वरातीतही तो त्या पायदानावर उभा राहून गेला होता. वरात त्याचीच होती.

"या, भाऊजी," धुरपताबाई मागे न पाहता म्हणाली. "पाय धुवाचं काई काम नाई."

तो आत बसला. लाल गादीत खाली, खाली, अजून खाली गेला. आणि घाईघाईनं हिरवा पडदा ओढून घेतला. मालगुजाराच्या घरची बाई मोटार हाकते आणि दीर मागे बसतो, हे कुणी पाहू नये.

चैतरामनं पुढून दगड काढला. धुरपताबाईनं पायानं दाबलं, दांडा ढकलला. पहिला पडला. दुसरा पडेना. तिनं त्याला सोडून दिलं आणि तिसरा टाकला.

रस्त्यावरून, जसं ऐकू आलं

"कोन हाकून राहिलं ते?"

"मालगुजारीणबाई!"

"खोटं नोको बोलू."

"तुह्या डोळ्यात धूर गेला का? कुंकू नाई कपाळाले, अन् हातात चाक."

"मागं कोन आहे? पडदा लावून आहे."

"मागं बाया असतीन."

पडदा एकदम बाजूला झाला. देवचंदचं तोंड बाहेर आलं.

"बाया नाई! मी आहो!"

"अरे, देवचंदभाऊ! रामराम! मालगुजार होऊन राहिले का?"

तिसराच

दवनीवाड्याला बाजार होता. मोटार भाजीवाल्यांच्या मधून गेली, म्हणजे भाजीवाले मोटारीच्या दोन्ही बाजूंनी गेले. तणसाच्या टायरांवर ती बंडीसारखी उडत होती. प्रत्येक उडीला चुन्नीलाल "हाय राम" म्हणे आणि लगेच इंजिनाकडे कान लावून हसे.

"क्या आवाज है! इसमें तो दो गिरणी चलेंगी."

लोक उठून उभे राहत होते. काहींनी पागोट्याला हात लावला. कुणाला लावला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लांब नाकाची मोटार आली की उठायचं, एवढं अंगात राहिलं होतं. देवचंद आधी चोरट्यासारखा मागे सरला. मग एका म्हाताऱ्याला त्यानं मान हलवली. मग एकाला हात केला. मग तो खिडकीला कोपर टेकवून बसला.

"हळू घ्या ना, वयनी. लोकायले दिसू द्या."

"हळू होत नाई मले. हा एकच पडून राहिला."

"मंग भोंगा वाजवा."

तिनं भोंगा दाबला. त्यातून आधी गवताचा बोळा निघाला, मग आवाज.

"हे गोऱ्ह्यानं घातलं असन," धुरपताबाई म्हणाली.

मनिराम गाल फुगवून बाहेर पाहू लागला. देवचंदनं बराच वेळ काही ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि मग तोच फस्सकन हसला.

धुरपताबाई रस्ता पाहत होती. कंबर उडाली तिथं काय आहे ते तिला आता दिसलं. पळसाचं एक वाकडं झाड आणि त्याच्या मुळ्यांनी उचललेला रस्ता. एवढी वर्षं ती त्या जागेला शिव्या देत होती, आणि ते एक झाड होतं. नाला आला तेव्हा ती स्वतःच ओरडली, "डोकं सांभाळा!" आणि मागच्या दोघांची डोकी छताला लागली.

उभी

गोंदियाजवळच्या कुडवा गावाच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली.

धुरपताबाईनं दाबायचं ते सोडलं आणि सोडायचं ते दाबलं. मोटारीनं एक आचका दिला.

आणि शांत झाली.

इतकं शांत की शेतातल्या बगळ्यांचे पंख ऐकू आले. नाकावरचं टोपण टिकटिक करत थंड होऊ लागलं. म्हैस मधोमध उभी राहून रवंथ करत होती.

धुरपताबाईचे दोन्ही हात चाकावर होते. गोंदियाच्या गिरण्यांची धुराडी समोर दिसत होती. तिनं चाक सोडलं नाही.

"बंद!" चुन्नीलालनं टाळी वाजवली. "हो गया बंद. देवचंदजी, अब आपकी बारी. पंच साहब, बोलिए."

मनिरामनं कानात करंगळी घातली, फिरवली, बाहेर काढून पाहिली.

"माह्या कानात तर अजून घरघर चालू आहे," तो म्हणाला. "या कानाचा भरोसा नाई पण. देवचंद, तुले का वाटते?"

चुन्नीलाल खाली उतरला आणि इंजिनावरचं झाकण थोपटू लागला, बाजारात बैलाची पाठ थोपटतात तसं. "यहीं से खिंचवा लेंगे. मेरे आदमी पास में ही हैं. कल तक पट्टा चढ़ जाएगा."

देवचंदही उतरला. हळूहळू, धोतर सावरत. त्यानं मोटारीकडे पाहिलं. लाल गादीवर त्याच्या बसण्याचा खड्डा अजून भरून आला नव्हता. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मळणी टाकून काही माणसं बांधावर येऊन उभी होती. त्यांतला एक त्याला रामराम करत होता.

तो समोर गेला. सीटखालचं हँडल चैतराम कसं घालतो ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं ते घेतलं आणि नाकाखालच्या भोकात खुपसलं.

"ये क्या कर रहे हो?" चुन्नीलाल म्हणाला.

"काई नाई. बाजू व्हा."

"गाडी बंद हो गई है!"

"बंद कोठी झाली?" देवचंद वाकत म्हणाला. "म्हैस जाऊ द्याले थांबली. काय बे मनिराम, बांधीत मधात ढेकूळ आलं तर पाणी थांबते. मंग पाळी सरते का?"

"ढेकूळ काढा लागते," मनिराम म्हणाला.

"मंग काढ ना ते म्हैस!"

मनिराम म्हशीमागे लागला. देवचंदनं हँडल फिरवलं. हँडलनं उलट लाथ मारली आणि तो रस्त्यात बसला. बांधावरची माणसं हसली. तो उठला, हातावर थुंकला आणि दात खाऊन पुन्हा फिरवलं.

"पाय दाबून ठेवा, वयनी! सोडू नोका!"

मोटार शिंकली. खोकली. बोलू लागली.

देवचंद पळत आला. मागे जायचं तर तो मागे गेला नाही. चुन्नीलालच्या रिकाम्या जागेवर, पुढे, धुरपताबाईच्या शेजारी चढून बसला. मनिराम म्हशीला सोडून कसाबसा पायदानावर लोंबकळला. चुन्नीलाल धोतर धरून मागून पळत होता. "अरे, मेरा इंजन! देवचंदजी! सौदा हुआ था!"

"माही पाळी नाई अजून, सेट!" देवचंद मागे वळून ओरडला. "सवड भेटली का सांगतो!"

बांधावरची माणसं मागे पडली. पहिल्यातून तिसऱ्यात जाताना मोटारीनं सगळ्यांना एकदा झोक दिला. हात मोडला असेल का, हे देवचंद बोटं हलवून पाहत होता, आणि हसत होता.

"वयनी, गोंदियात पेट्रोल भेटते ना?"

"भेटते. पण भाऊजी, एक गोष्ट आहे."

"काय?"

"मले मागं वळवता नाई येत. सिद्धंच जा लागन."

देवचंदनं समोर पाहिलं. रस्ता थेट गावात शिरत होता.

"मंग सिद्धंच चालू द्या," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतः भोंगा दाबला.